आधी झाकण, मग काजू

अण्णा, तुम्ही गेल्याची बातमी पेपरात आली नाही. बरंच झालं. आली असती तर 'कॉलेजचे निवृत्त लॅब असिस्टंट' एवढ्यावर तुमची बोळवण झाली असती, आणि मी शाहूपुरीतल्या त्या पेपरच्या ऑफिसात जाऊन भांडले असते. भांडले असते हे तुम्हाला पटवून द्यायला नको. वीस वर्षांत माझा चढा आवाज तुमच्याइतका कुणी ऐकला नाही, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही.

परवा तुमच्या गावी येऊन गेले. घर माणसांनी भरलेलं. तुमच्या पत्नी, आक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "बाई, तेवढी फळी घिऊन जावा. फळी बाईंचीच हाय, त्येना द्या, असं सांगून गेल्यात." आणि उठून त्यांनी दारामागून ती आंब्याची फळी काढून दिली. स्वच्छ पुसून ठेवलेली. मी ती एसटीत मांडीवर आडवी घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, फळीला तिकीट न्हाय, पर कुणाच्या डोसक्यात घालू नका म्हंजे झालं." मला हसू आलं. मग पुढं कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत रडले.

फळी माझी नाही, अण्णा. ती कधीच माझी नव्हती. पण तुम्ही ती मला का पाठवलीत ते मला कळलंय. आपल्यातला एक वाद अर्धा राहिला होता आणि तो तुम्ही जातानाही सोडला नाहीत. चिवट माणूस.

तुमची-माझी खरी ओळख कोयनेच्या भूकंपानंतर झाली. मी भूगर्भशास्त्र शिकवायची, म्हणून तेव्हा कॉलेजात जो तो मला गाठून विचारायचा, पुन्हा कधी होणार? जणू काही मी वरच्यांशी बोलून वेळ ठरवत होते. तुम्ही एकट्यानंच वेगळं विचारलंत. दगडांचे नमुने कपाटात लावता लावता म्हणालात, "कवा हुणार ते ऱ्हाऊ द्या बाई. कशानं झाला, ते सांगा." मला जेवढं माहीत होतं तेवढं मी तुम्हाला सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक तासाला तुम्ही मागच्या दाराशी उभे असायचा. हातात फडकं. ते फडकं तासभर एकाच बरणीवरून फिरत असे.

मग तो नकाशा आला. सत्तरीच्या दशकाच्या मध्याला, परदेशातल्या एका नियतकालिकात. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली होणाऱ्या भूकंपांचे ठिपके, किती खोल ते दाखवणारे. समुद्राचा तळ म्हणजे दगडाची एक जाडजूड प्लेट. ती सरकत सरकत जमिनीखाली घुसते आणि घुसताना भूकंप होतात, म्हणून ठिपके जोडले की प्लेट कशी गेली ते दिसतं. बहुतेक जागी ती तिरकी, खोल खोल उतरत जाते. पण या किनाऱ्यावर दोन ठिकाणी ती थोडी खाली जाऊन आडवी होते, जमिनीच्या पोटाला चिकटून शेकडो मैल तशीच सरकते आणि मग कुठंतरी पुन्हा खाली वळते. बरोबर त्या दोन ठिकाणी वर एकही जिवंत ज्वालामुखी नाही. मी तो नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून भिंतीला लावला.

तुम्ही चष्मा पुसून त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलात. "बाई, समदीकडं तिरकं गेलंय, मग हितंच आडवं का?"

"माहीत नाही, अण्णा."

"पुस्तकात?"

"पुस्तकात पण नाही. कुणी काही म्हणतं, कुणी काही."

"मग बरं हाय की," तुम्ही म्हणालात. "आपुन पण म्हणू."

हे वाक्य मी नंतर कितीतरी विद्यार्थ्यांना सांगितलं. साऱ्या जगाला पडलेला प्रश्न आपल्या अंगणात आणून बसवायची ही रीत मी तुमच्याकडून शिकले. कोल्हापूरच्या बाहेर कुणाला हे जमेल असं मला वाटत नाही. आपल्याला लाजच कमी.

तेव्हा दोन मतं जोरात होती. एक म्हणे, समुद्रतळाच्या फटीतून नुकतीच निघालेली तरुण प्लेट अजून गरम असते, गरम म्हणून हलकी, हलकी म्हणून बुडत नाही. दुसरं म्हणे, प्लेटच्या पाठीवर समुद्राखालचे डोंगर असतात, तिथं तिचा थर जाड आणि हलका असतो, तो तिला वर धरून ठेवतो. मी डोंगराच्या पक्षाची. माझ्या प्रबंधाचा विषयच तो होता. पण प्रबंधात नुसती मतं मांडून काय होणार? आणि खरी प्लेट बघायची तर लाखो वर्षं बसावं लागेल.

वर्गात मी एकदा सांगत होते की प्लेटच्या खालचा दगड इतका तापलेला असतो की तो घट्ट पाकासारखा वाहतो, फक्त अतिशय हळू. सोमवारी तुम्ही सायकलला डबा बांधून आलात. "पाक नको बाई. पाक संध्याकाळपतुर साखर धरतोय. ही घ्या." आत काकवी. तुमच्याच गुऱ्हाळातली, गूळ पडायच्या आधी काढून घेतलेली. भेंडीचं पाणी घालून मळी इतकी निगुतीनं काढली होती की ती मधासारखी आरपार दिसत होती. ती मी बोटावर घेतली आणि तिची धार किती वेळ तुटत नाही ते बघत राहिले. परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांना जे हवं होतं ते आपल्या लॅबच्या टेबलावर गुळाच्या वासासकट येऊन बसलं होतं.

प्राणिशास्त्रवाल्यांनी टाकून दिलेला काचेचा अरुंद हौद तुम्ही आणलात. त्यात मासे ठेवलेले होते म्हणून चिंच आणि राख लावून तीन वेळा घासलात. प्लेटच्या जागी पट्ट्या, मेणाच्या. मेण हलकं पडतं म्हणून त्यात उद्यमनगरातल्या फौंड्रीतून आणलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस कालवायचा. कीस जास्त घातला की म्हातारी पट्टी, जड. कमी घातला की तरणी पट्टी, हलकी. ही नावं तुमची. वर चुन्याचा हात, म्हणजे काकवीत पांढरी दिसेल. आणि डोंगर? डोंगर माझा. मी आजऱ्याची, माझ्या पर्समध्ये काजू नाही असा दिवस जायचा नाही. अर्धा काजू मेणानं पट्टीच्या पाठीवर चिकटवला. काकवीपेक्षा काजू हलका, त्यामुळं त्या जागी पट्टी वर उचलली जाणार. तुम्ही म्हणालात, "आजऱ्याचा डोंगर दक्षिण अमेरिकेत निघाला बगा."

सारं जमलं, फक्त पट्टी आडवी होईना.

दोन हंगाम गेले, अण्णा. म्हातारी पट्टी सरळ तळ गाठायची. तरणी हळू जायची, पण जायची तिरकीच. तिच्यातला कीस आणखी कमी केला की ती बुडायलाच तयार नाही, वर मजेत तरंगत पडायची. काजू लावला की तेवढ्या जागी कुबड यायचं, घटकाभर ती अडखळायची, आणि मग तिथूनही पट्टी खाली. आपले विभागप्रमुख, तुम्ही आणि मी दोघंही ज्यांना साहेब म्हणायचो, ते रोज दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, आज कोणता पदार्थ?"

त्यात मुंग्या. काकवी म्हटल्यावर मुंग्या येणारच. टेबलाच्या पायांपासून हौदाच्या कडेपर्यंत रांग. मी मुंग्या मारायची गॅमेक्झिनची पूड आणली. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेऊन कपाटात कुलूप लावून ठेवलीत. मी म्हटलं, बरं, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवू. "त्यात बुडून मरत्यात की," तुम्ही म्हणालात. जैन माणसाशी मुंग्यांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही ही फळी घेऊन आलात. हौदाच्या रुंदीला अगदी बरोबर, कडा रंधून घासलेल्या. काम संपलं की ती काकवीवर अलगद ठेवायची. ती तरंगायची आणि काकवी झाकली जायची. मुंग्या फळीवर फिरून निमूट परत जायच्या.

आता तो दिवस. मला तो नीट सांगायलाच हवा, कारण त्यातला अर्धा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

जानेवारी होता. तरणी पट्टी, वर काजू. ती अर्धी खाली गेली होती आणि मला साहेबांनी बोलावलं म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले. पाच मिनिटांत येते म्हणाले आणि तासभर अडकले. इकडं दिवस उतरायला लागला. दिवस बुडायच्या आत जेवायचं हा तुमचा नेम. व्हरांड्यात तुमचा डबा. हौदाच्या कडेवर मुंग्या पोचलेल्या. तुम्ही वाट बघितलीत, बघितलीत, आणि शेवटी फळी उचलून, हौदाचं जे टोक आपण जमीन मानलं होतं त्या बाजूनं काकवीवर टेकवलीत, आणि हळूहळू समुद्र मानलेल्या टोकाकडं ढकलत नेलीत. बुडणाऱ्या पट्टीच्या डोक्यावरून. मग जाऊन डबा उघडलात.

मी आले. बघितलं की हौदावर झाकण. प्रयोग चालू असताना झाकण! आणि मी व्हरांड्यात येऊन तुमच्यावर ओरडले. काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. अक्कल गहाण ठेवलीत का, हेही त्यात होतं. तुम्ही माझ्यापेक्षा वयानं पंधरा वर्षांनी मोठे. तुमच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तुम्ही डब्यात ठेवलात, हात धुतलात आणि आत आलात. मी मागून बोलतेच आहे. तुम्ही वाकून काचेतून बघितलंत. बराच वेळ.

"बाई, शिव्या मागनं द्या," तुम्ही म्हणालात. "आदी हितं बगा."

पट्टी आडवी होती. थोडी खाली उतरून, फळीच्या पोटाखाली, सरळ रेषेत आडवी. आणि पार पुढं जाऊन मग खाली वळलेली. भिंतीवरच्या नकाशातल्या ठिपक्यांसारखी हुबेहूब.

मी काचेला नाक लावून उभी राहिले, हसत होते की रडत होते मला माहीत नाही. तुम्ही दाराशी गेलात, आकाशाकडं बघितलंत आणि उरलेला अर्धा डबा तसाच बंद केलात. दिवस बुडाला होता. त्या दिवशी तुम्ही अर्धपोटी सायकल मारत गावी गेलात, आणि मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, आज मी जग जिंकलं.

मी. मी जिंकलं, म्हटलं.

पुढचा महिनाभर आपण तेच, काजूसकट, पुन्हा पुन्हा केलं. फळी जागच्या जागी ठेवली तर काही नाही. फळी पुढं सरकली तर पट्टी आडवी. म्हणजे खाली जाणाऱ्याचं वय आणि वजन बघत बसलो होतो आपण, आणि वरचा काय करतो तिकडं कुणी बघितलंच नव्हतं. वरची जमीनसुद्धा सरकत असते, समुद्रावर चालून येत असते. ती येते इतक्या वेगानं की खालच्या प्लेटला बुडायला सवड मिळत नाही. शिवाय दोघींच्या मधल्या फटीत काकवी पटकन शिरू शकत नाही, त्यामुळं खालची वर ओढली जाते. तुम्ही हे सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या घेऊन मला दाखवलंत. दोन ओल्या काचपट्ट्या एकमेकींवर ठेवल्यात आणि म्हणालात, "उचला बगू." सुटेनात. ज्वालामुखी का नाही तेही तुम्हीच सांगितलंत: "दोघांच्या मधी जागाच ऱ्हायली न्हाय, तर उकळी कुठनं फुटायची?"

आणि इथंच आपला वाद सुरू झाला. तुम्ही म्हणायचा, झाकण. मी म्हणायची, काजू. कारण त्या दिवशीच्या पट्टीवर काजू होता! म्हाताऱ्या पट्टीला फळी लावून बघितली, ती फळीला न जुमानता खाली गेली. म्हणजे पट्टी तरणी हवी हे दोघांनाही मान्य. पण तरण्या पट्टीला आडवं करतं कोण?

मग मी लेख लिहिला. आधी मराठीत, एका विज्ञान मासिकासाठी. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, असिस्टंटनं झाकण लावलं वगैरे कशाला? शोभत नाही. 'योगायोगाने असे आढळले' असं लिहा. मी लिहिलं. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही असं सगळं कॉलेज म्हणायचं, आणि नेमकं जिथं भांडायला हवं होतं तिथं मी 'बरं सर' म्हटलं. प्रबंध त्यांच्या हातात होता.

मासिक आलं. तुम्ही स्टुलावर बसून, एकेका ओळीवर बोट ठेवून लेख वाचलात. मी नमुने मोजायचं सोंग करत होते. तुम्ही मासिक मिटलंत, चष्मा काढलात.

"बाई, ह्यो योगायोग कोण हाय?"

मी नमुने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

"न्हाय, मी आपला इचारतोय. आपल्या कॉलेजात तर ह्या नावाचं कुणी न्हाय."

त्यानंतर आठ दिवस तुम्ही मला 'बाई' म्हणाला नाहीत. 'मॅडम' म्हणालात. अण्णा, मला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ बोलून दुखवलं, पण त्या आठ दिवसांतलं 'मॅडम' मला अजून टोचतं. तुम्ही काही मागितलं नाहीत. रोज वेळेवर हौद धुतलात, काकवी गाळलीत, पट्ट्या ओतल्यात. नवव्या दिवशी काहीतरी सांडलं आणि तुमच्या तोंडून 'आता गं बाई' निघालं. ते मला उद्देशून नव्हतं, पण मी ते माझंच मानलं. मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला.

आता तुमच्या आवडीच्या गोष्टीकडं येते. ती तुम्ही गावात शंभर वेळा सांगितली असणार, आक्कांनासुद्धा पाठ आहे. पण आज ती मी सांगणार.

वर्षभरानं दिल्लीहून ते मोठे भूगर्भशास्त्रज्ञ आले. मूळचे पुण्याकडचे, मराठी झकास. हॉल भरला होता. त्यांनी तासभर छान सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "प्लेट तरुण, म्हणून गरम. गरम, म्हणून हलकी. हलकी, म्हणून आडवी. प्रश्न मिटला."

मागून तुमचा आवाज आला. "पावणं, येक इचारू का?"

साहेबांना खोकला लागला. तुम्ही थांबला नाहीत. "हलकं असंल तर ते तरंगंल. पर आडवं हून आत कसं घुसंल? आनि तरण्या प्लेटा दुसरीकडं पण हायत की. त्या तिरक्याच गेल्यात. आमच्या बाईंनी भित्तीवर लावलंय ते."

हॉलमध्ये हशा पिकला. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेऊन तुमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग तुमचं काय म्हणणं?"

"म्हणणं न्हाय. चालवून दावतो."

चौघांनी हौद उचलून हॉलमध्ये आणला. तुम्ही आधी नुसती तरणी पट्टी सोडलीत, फळी नाही, काजू नाही. ती तिरकी जाताना सगळ्यांना नीट बघू दिलीत. मग दुसरी, काजूवाली, आणि फळी. काकवीला घाई माहीत नाही. आपल्या लोकांना एवढा वेळ गप्प बसलेलं मी कुस्तीच्या मैदानातसुद्धा बघितलेलं नाही. पाहुणे स्टूल ओढून काचेशी बसले. तुमचा हात फळीवर, इतका हळू सरकणारा की सरकतोय हे कळू नये. आणि पट्टी वाकली, वर ओढली गेली, आणि फळीखाली आडवी होत गेली. मागच्या रांगेतले बाकांवर चढले.

पाहुण्यांनी काकवीत बोट बुडवून चाटलं. मग म्हणाले, "हे सुचलं कुणाला?"

"आमच्या बाईंना," साहेब पुढं होऊन म्हणाले. "योगायोगानं."

मी उभी राहिले. मी म्हटलं, "नाही सर. योगायोगाला मी ओळखत नाही. फळी लावली ती यांनी. यांचं नाव नेमगोंडा मगदूम. का लावली ते त्यांनाच विचारा."

आणि तुम्ही सांगितलंत. मुंग्या, डबा, बुडणारा दिवस, सगळं. माझ्या शिव्या मात्र गाळल्यात. पाहुण्यांनी विचारलं, "पण मुंग्या मारल्या असत्या तर?"

"तर मुंग्या मेल्या असत्या," तुम्ही म्हणालात, "आनि आपल्याला काय बी कळलं नसतं."

त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्या माझ्या कानात आजही आहेत. साहेबसुद्धा वाजवत होते, त्यांना दुसरा इलाजच नव्हता. टाळ्या थांबल्यावर पाहुण्यांनी फक्त एक विचारलं, "काजू न लावता, नुसती फळी चालवून बघितलीत का?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

पुढं या प्रयोगावरचा इंग्रजी शोधनिबंध छापून आला. त्यावर दोन नावं, आधी मगदूम, मग माझं. साहेब म्हणाले होते, असिस्टंटचं नाव कसं घालता येईल? मी म्हटलं, मग माझंही काढा. तो अंक मी तुमच्या हातात दिला. तुम्हाला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण स्वतःचं नाव तुम्ही बरोबर शोधलंत. त्यावरून अंगठा फिरवलात. आणि म्हणालात, "योगायोगाची बदली झाली म्हना की, बाई."

निवृत्तीनंतरही दर गुरुवारी तुम्ही फळी कॅरिअरला बांधून यायचा. दर गुरुवारी एकच विषय. "बाई, येकदा नुसत्या झाकनावर चालवून बगू." मी म्हणायची, पुढच्या गुरुवारी. एका दुपारचं काम होतं, अण्णा. लॅबच्या चाव्या कितीतरी वर्षं तुमच्या कमरेला होत्या, तुम्ही एकट्यानं कधीही करून बघू शकला असतात. पण बाईंच्या माघारी करायचं नाही, हे तुम्ही स्वतःशी ठरवलं होतं. आणि मी का टाळत होते? आधी हरायच्या भीतीनं. नंतर, खरं सांगते, वाद मिटला तर गुरुवारी तुम्ही येणार कशासाठी, या भीतीनं.

काल गुरुवार होता.

शेवटच्या खेपेला तुम्ही ठेवून गेलेला काकवीचा डबा मी उघडला. हौद चिंच-राखेनं घासला, तीन वेळा. तरणी पट्टी ओतली. काजू पर्समध्येच ठेवला. पट्टी अर्धी खाली गेल्यावर तुमची फळी जमिनीच्या बाजूनं टेकवली आणि तुमच्यासारखी, सरकतेय हे कळू नये इतकी हळू, पुढं नेली. मुंग्या कडेवर आल्या होत्या. त्यांना कुणी काही केलं नाही. पट्टी आडवी झाली, अण्णा. काजूशिवाय. तुमचं खरं होतं, सुरुवातीपासून तुमचंच खरं होतं.

मग मी फळी थांबवली, माझा जेवणाचा डबा घेऊन व्हरांड्यात गेले आणि तुम्ही बसायचा तिथं बसून दिवस बुडायच्या आत तो संपवला. पूर्ण. त्या जानेवारीतल्या तुमच्या अर्ध्या डब्याची माफी मला अशीच मागता आली. तोंडानं मागायला सात-आठ वर्षं होती, तेव्हा मी चहा मागवत राहिले.

परत येऊन बघते तर पट्टी हळूहळू फळी सोडून खाली झुकायला लागलेली. आज पुन्हा केलं, काजू लावून. फळी थांबली तरी पट्टी आडवीच राहिली. म्हणजे आडवं पाडतं तुमचं झाकण, आणि आडवं टिकवतो माझा काजू. यावर तुम्ही "टिकवायला आदी पडाय नको व्हय?" म्हणणार, हे मला इथं बसून ऐकू येतंय. व्हय अण्णा, पडाय पायजे. कबूल.

नोंदवहीत निरीक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं: आधी झाकण, मग काजू. प्रयोग कोणी केला, या रकान्यात लिहिलं: नेमगोंडा मगदूम. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही केली. पान भरलं. योगायोगाला त्यावर कुठं जागा उरली नाही.